टार्क्वात बिऱ्हाड मांडताना

घानाच्या पश्चिम भागातलं टार्क्वा हे सोन्याच्या खाणींचं गाव. शेजारच्या न्सुटाला मँगनीज निघतं. खाणीच्या आवारात हेल्मेट, बूट, सायरन सगळं कंपनी बघते. भारतातून कामाला आलेला नवा माणूस आजारी पडतो तो बहुतेक वेळा घरात, डास आणि पाण्यामुळे. म्हणून पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त लक्ष घराकडे द्या.

निघण्याच्या किमान १० दिवस आधी पीतज्वराची (यलो फीव्हर) लस घ्या आणि ती घेतल्याचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, पासपोर्टसोबत ठेवा. त्याच्याशिवाय घानात प्रवेश नाही, आणि परत येताना भारतातही ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

इथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपॅरम जातीचा, म्हणजे मेंदू आणि मूत्रपिंडांपर्यंत पोचू शकणारा. गावाकडे एकदोनदा मलेरिया होऊन गेलाय, आता काही होत नाही, या भरवशावर राहू नका. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या आणि किती काळ, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. डॉक्सिसायक्लिन दिलं तर ते निघण्याच्या १-२ दिवस आधी सुरू करून रोज घ्यायचं आणि परतल्यावरही ४ आठवडे चालू ठेवायचं. घरी पोचल्यावर गोळ्या सोडणं ही नेहमीची चूक. यकृतातले जंतू नंतर रक्तात उतरतात आणि ताप मायदेशात येतो. गोळी जेवणानंतर, ग्लासभर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते.

औषध लावलेली मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचा. एसी चालू आहे म्हणून ती गुंडाळून ठेवू नका, कारण मध्यरात्री वीज गेली की खिडक्या उघडाव्याच लागतात. तिथे पोचून आठवडा झाल्यानंतर कधीही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. परतल्यावर काही महिन्यांनी आला तरी डॉक्टरांना आधी सांगा, 'घानाहून आलोय.'

कपड्यांचं प्रकरण नवख्यांना माहीत नसतं. टुंबू नावाची माशी सावलीत वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते. अळी कातडीत शिरते आणि फोडासारखी गाठ येते, मधोमध बारीक छिद्र असतं. कपडे घरात किंवा जाळीच्या व्हरांड्यात वाळवा, आणि बाहेर वाळवलेल्या प्रत्येक कपड्याला दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करा. शिवणी, इलॅस्टिक आणि अंतर्वस्त्रं विसरू नका, तान्ह्या बाळाचे लंगोट तर मुळीच नाही. गाठ झाली तर पिळू नका. अळी आत फुटली की जखम चिघळते. छिद्रावर व्हॅसलिनचा जाड थर द्या. हवा बंद झाली की अळी वर येते, मग ती चिमट्याने दवाखान्यात काढून घ्या.

टार्क्वाच्या नळाचं पाणी बोन्सा नदीतून येतं. गालामसे, म्हणजे बेकायदा सोनं उपसणं, यामुळे ती नदी गढूळ होते आणि पाऱ्याचा धोका राहतो. उकळल्याने जंतू मरतात, पारा जात नाही. उलट पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी आरओचं किंवा खात्रीचं बाटलीबंद पाणी घ्या. पाण्याच्या ५०० मिलीच्या पिशव्या सगळीकडे मिळतात. उन्हात पडलेल्या घेऊ नका आणि तोंड लावण्याआधी कोपरा धुवा. गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट ठेवा.

कॅम्पमध्ये, म्हणजे कंपनीच्या वसाहतीत, जागा मिळाली तर घ्या. गावात भाड्याने राहायचं तर मालक एक-दोन वर्षांचं भाडं आगाऊ मागतात. १९६३ च्या भाडे कायद्यानुसार ६ महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही, हे माहीत असलं की बोलणी सोपी जातात. पावती सोडू नका. जाळ्या, टाकी आणि भिंतींच्या भेगा पैसे देण्याआधी बघा.

वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे भारतातला मिक्सर चालतो. मात्र प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो. फ्रिजला स्टॅबिलायझर हवाच. मीटर प्रीपेड असेल तर शनिवार-रविवारआधी पैसे भरून ठेवा.

शाकाहारी माणसाने विचारल्याशिवाय काही खाऊ नये. सुकी मासळी आणि सुकट बहुतेक रश्श्यांत असते, आणि शिटो या काळ्या चटणीतही. कोन्तोमिरे या पालेभाजीची पानं मात्र बाजारातून आणून घरी शिजवा, अळूसारखीच लागतात. डाळी-पिठं हवाबंद डब्यात ठेवा. दमट हवेत लवकर कीड लागते.

परदेशी नागरिकाचं घाना कार्ड, म्हणजे तिथलं ओळखपत्र, आधी करून घ्या. सिम आणि बँकेचं खातं त्यावरच अवलंबून आहे, आणि रोजचे व्यवहार मोबाइल मनीवर, म्हणजे फोनवरून पैसे देण्या-घेण्यावर, चालतात. काही देताना-घेताना उजवा हातच पुढे करा.

रात्रीचा लांबचा प्रवास टाळा. पोलिस बंदोबस्तातलं स्फोटकांचं वाहन दिसलं तर मागे राहा, ओव्हरटेक करू नका. २० जानेवारी २०२२ रोजी बोगोसोजवळच्या अपियात्से इथे अशा ट्रकची मोटरसायकलशी धडक होऊन स्फोट झाला, किमान १३ माणसं गेली आणि गाव सपाट झालं. आग दिसली की बघायला न थांबता उलट दिशेने पळा.

कुणी स्वस्तात सोन्याची पूड देऊ केली तर ती हातातही घेऊ नका. लहान प्रमाणातली खाण फक्त घानाच्या नागरिकांसाठी राखीव आहे, आणि २०२५ पासून स्थानिक बाजारात सोनं खरेदी करायलाही परदेशी माणसाला बंदी आहे.