हिब्रू बोलताना ‘एफशार’चा आधार

इस्राएलमध्ये नव्याने आलेल्याची गाडी पहिल्याच वाक्याला अडते: समोर पुरुष की बाई, यावर ‘तू’सुद्धा बदलतो, पुरुषाला ‘अता’ आणि बाईला ‘अत’. आपलं ‘आलास-आलीस’ परवडलं!

यावर सोपा तोडगा म्हणजे लिंगाची भानगड नसलेली वाक्यं आधी पाठ करायची.

१. काहीही मागताना ‘एफशार’ (मिळेल का, चालेल का) म्हणा आणि पुढे वस्तू जोडा. ‘एफशार मायिम?’ म्हणजे पाणी मिळेल का? ‘एफशार खेशबोन?’ म्हणजे बिल. ‘एफशार लाशेवेत पो?’ म्हणजे इथे बसू का?

२. दुकानात ‘येश लाखेम खालाव?’ (तुमच्याकडे दूध आहे का?) हे अनेकवचन गल्ल्यावर कुणीही असो, चालतं.

३. ख्यालीखुशालीला ‘मा श्लोमखा-श्लोमेख’च्या (कसा आहेस-कशी आहेस) नादी न लागता ‘मा निश्मा?’. उत्तर, ‘बेसेदेर’ (ठीक).

हे ख घशातून खरखरवायचे, खाकरल्यासारखे. माझा आठवडा त्यातच गेला.

एक सांभाळा: उत्तरात ‘ई एफशार’ ऐकू आलं तर ते ‘नाही जमणार’ असतं. तो आधीचा छोटा ‘ई’ घाईत निसटतो आणि आपण होकार समजून खुर्ची ओढतो.