खड्ड्यात पाणी साचू देऊ नका : देशी झाडांच्या परसबागेसाठी पावसाळ्यापूर्वीचा सल्ला (इंदूर व परिसर)

माळव्याच्या काळ्या मातीत पाणी तुंबले की सोयाबीन कसे पिवळे पडते, हे येथील प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे; तोच शेतकरी पक्षी-फुलपाखरांसाठी घरामागे बहावा किंवा कढीलिंब लावताना मात्र दोन फूट खोल खड्डा खणतो, त्यात शेणखत व भुसभुशीत माती भरतो आणि पाणी बाहेर कोठून जाणार याचा विचार करत नाही. दोन-तीन जोरदार पावसांत भोवतीची माती फुगून भेगा मिटल्या, की हा खड्डा हौदासारखा भरतो आणि मुळे हवेवाचून कुजतात. पाने मलूल दिसताच घरचे लोक ती तहान समजून आणखी पाणी घालतात. मी उपटून पाहिलेल्या अशा रोपांच्या मुळांची साल चिमटीत धरून ओढताच मोज्यासारखी निघून आली आणि आतला दोरा तेवढा उरला.

म्हणून निचऱ्याचे काम आत्ताच करावे. एकदा झड लागली की या मातीत फावडे चालत नाही.

संध्याकाळी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतावे. भेगाळलेल्या जमिनीत ते पहिल्या रात्री हमखास जिरते, त्यावर विसंबू नये. तिसऱ्या दिवशी पुन्हा ओतावे आणि सकाळी तळाशी पाणी दिसले, तर खड्डा बुजवून त्याच मातीचा फूटभर उंच, तीन फूट रुंद उंचवटा करून रोप त्यावर लावावे. हा माझा ठोकताळा आहे, पण त्याने मला अद्याप फसवलेले नाही. उताराच्या बाजूला वीतभर खोल चर हवाच. तळाशी वाळू घातल्याने काहीही साधत नाही, कारण त्याखालची माती चिकणच राहते.

कढीलिंब, लिंबू, बहावा व अडुळसा उंचवट्यावर लावावेत. सखल कोपऱ्यात करंज किंवा जांभूळ लावावे, ती पाणी सोसतात.

याच दिवसांत रोपांसोबत ह्युमिकची (मातीत घालायच्या सेंद्रिय द्रावणाची) बाटली आणि हायड्रोजेलची पुडी गळ्यात मारली जाते. जी माती मुळातच पाणी सोडत नाही, तिला पाणी धरणारी पावडर कशाला? रोप मलूल झाल्यास आधी चर मोकळा करावा, मगच कॉपर ऑक्सिक्लोराइड (ताम्रयुक्त बुरशीनाशक) 3 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून बुंध्याशी आळवणी करावी. ट्रायकोडर्मा (मुळांचे रोग रोखणारी उपयुक्त बुरशी) त्याच वेळी देऊ नये, ताम्रयुक्त औषध तिला मारक ठरू शकते.

कढीलिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे सुरवंट आढळल्यास फवारणी करू नये, अगदी निंबोळी अर्काचीही नाही. तीच पुढे फुलपाखरे होणार आहेत.

नेहमीची कामे :
- रोपाला काठीचा आधार.
- पक्ष्यांच्या पाण्याची थाळी एक दिवसाआड घासणे.
- पाचोळा कचरागाडीत न देता झाडाखाली, बुंध्यापासून वीतभर दूर पसरणे.

पहिला मोठा पाऊस चालू असतानाच छत्री घेऊन बागेत एक फेरी मारावी. ज्या रोपाशी पाणी घुटमळताना दिसेल, तेथून त्याच दिवशी चर काढावा.