ओस पडलेली इमारत खरी वाटावी म्हणून: डिजिटल मॅट पेंटिंग कसं करावं

समजा, वाशीच्या मिनी सीशोअरवरून तुम्ही पाण्यापलीकडच्या इमारतींचा फोटो काढलाय आणि त्या रांगेत एक दहा मजली, वर्षानुवर्षं ओस पडलेली इमारत घुसवायची आहे. हेच मॅट पेंटिंग. १९०७ मध्ये नॉर्मन डॉन यांनी कॅलिफोर्नियातल्या पडक्या मिशन-इमारतींचे ढासळलेले भाग काचेवर रंगवले, ती काच कॅमेऱ्यासमोर धरली आणि पडद्यावर इमारती धडधाकट दिसल्या. आपण उलटं करणार, धडधाकट इमारत मोडकळीला आणणार. चित्रं रंगवायचं सॉफ्टवेअर फोटोशॉप असो की फुकटातलं क्रिता, काही अडत नाही.

आधी क्षितिजरेषा

मूळ फोटोला या कामात ‘प्लेट’ म्हणतात. प्लेटमधल्या इमारतींचे छज्जे आणि गच्चीचे कठडे यांच्या रेघा लांबवत न्या. त्या मिळतात तो व्हॅनिशिंग पॉइंट. अशा दोन बिंदूंतून जाणारी आडवी रेघ म्हणजे क्षितिजरेषा. ती कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. पाच फुटांवरून फोटो काढला असेल आणि इमारत तुमच्याच पातळीवर उभी असेल, तर रेघ दहा फुटी तळमजल्याच्या मधोमध जायला हवी. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून गेली, तर इमारत खेळण्यातली तरी वाटेल किंवा जमिनीत रुतलेली तरी.

मग ऊन

निम्मी कामं इथे फसतात. प्लेटमध्ये सूर्य कुठे आहे ते विजेच्या खांबाच्या, झाडाच्या सावलीवरून ठरवा आणि नव्या इमारतीची प्रत्येक सावली त्याच हिशेबाने टाका. अंदाजाने नको. नवी मुंबई साधारण १९ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य ४७-४८ अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेच्या भिंतीवर दोन फुटी छज्ज्याची सावली जेमतेम सव्वादोन फूट उतरते. मेच्या मध्यात त्याच वेळी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि छज्ज्याखालची भिंत जवळजवळ सगळी सावलीत जाते. हिवाळ्याच्या प्लेटवर मेमधल्या भिंतीचा फोटो चिकटवला, की बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही.

सावलीला सपाट काळा रंग देऊ नका. निरभ्र दिवशी आकाशाची निळसर झाक तिच्यात उतरते आणि खालच्या मजल्यांना जमिनीवरून परतलेला उबदार उजेड मिळतो.

डाग कुठून येतात

पोत म्हणून (भिंतीचा खडबडीतपणा, डाग दाखवायला) लागणारे फोटो ढगाळ दिवशी काढा, म्हणजे त्यात आधीच कुणाची सावली पडलेली नसते. त्यासाठी लांब जायला नको. सिडकोच्या जुन्या चार मजली इमारती पावसाळा संपल्यावर नीट बघा. काळे ओघळ भिंतभर पसरलेले नसतात; खिडकीच्या पाटाच्या दोन्ही टोकांपासून, कठड्याच्या फटीपासून, फुटक्या पाइपाच्या सांध्यापासून सुरू होतात आणि खाली जात विरळ होतात. छज्ज्याखालचा पट्टा त्यामानाने स्वच्छ असतो. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती जास्त झोडपल्या जातात. उत्तरेच्या भिंतीला ऊन कमी, म्हणून ओल टिकते आणि शेवाळ धरतं.

लोखंड गंजलं की फुगतं आणि वरचं काँक्रीट फोडतं. खाडीच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. म्हणून खपल्या काढायच्या त्या छज्ज्याच्या खालच्या बाजूला आणि कॉलमच्या कोपऱ्यांवर. आत सळई दाखवा, तिच्याखाली तांबूस ओघळ. पिंपळाचं रोप पक्ष्यांच्या विष्ठेतून येतं, म्हणजे ते फटीत, पाइपाच्या सांध्याशी उगवतं. सपाट भिंतीच्या मधोमध उगवलेला पिंपळ ही ब्रशची हौस!

डागांचा लेयर (चित्रावरचा वेगळा थर) मल्टिप्लाय मोडवर, म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या मोडवर, ठेवा, भिंतीच्या पर्स्पेक्टिव्हप्रमाणे वाकवा आणि तोच डाग दोनदा वापरू नका. डोळा पुनरावृत्ती झटकन पकडतो.

रंग जुळवणं

चित्रातला लाल, हिरवा आणि निळा चॅनल, म्हणजे त्या-त्या रंगाचा वेगळा थर, एकेक करून कृष्णधवल बघा. इमारत ज्या चॅनलमध्ये उठून दिसेल, त्या चॅनलचे लेव्हल्स (गडद-उजळपणाचं प्रमाण) शेजारच्या इमारतींशी जुळवा. दमट हवेत अंतर वाढतं तसा काळा रंग आधी फिका पडतो. मागे पारसिकचा डोंगर दिसत असेल तर त्याचा सगळ्यात गडद भाग मोजा; डोंगर दूर, इमारत जवळ, म्हणजे इमारतीतला काळा त्याहून थोडा गडद, पण पाण्याकाठच्या झाडांच्या काळ्यापेक्षा फिका हवा. कडा प्लेटमधल्या कडांइतक्याच मऊ ठेवा. शेवटी प्लेटइतकंच ग्रेन, म्हणजे फोटोतले बारीक दाणे.

पाण्यातलं प्रतिबिंब

इमारत नुसती उलटी करून भागत नाही. पाण्यात आपल्याला ती खालून बघितल्यासारखी दिसते, म्हणून छज्ज्यांचा खालचा भाग जरा जास्त दिसायला हवा. प्रतिबिंबात उजळ भाग मंदावतात आणि लाटांमुळे आकार उभे ताणले जातात.

झालं की चित्र आरशातल्यासारखं आडवं फिरवून बघा. तिरकेपणा लगेच दिसतो. मग कुणाला तरी दाखवा, पण ‘खरं वाटतं का?’ असं विचारू नका, माणूस चूक शोधायलाच बसतो. ‘फोटो किती वाजता काढला असेल?’ असं विचारा. उत्तर प्लेटच्या वेळेच्या आसपास आलं नाही, तर सावल्या पुन्हा टाका.