जेजू बेटावर परदेशी शिक्षकांची सामूहिक सहल : निघण्यापूर्वीची तयारी

कोरियातील शाळांत आणि विद्यापीठांत शिकविणाऱ्या परदेशी शिक्षकांचा गट जेजू बेटावर जाण्याचे ठरवतो, तेव्हा पहिले काम तारीख पक्की करण्याचे असते आणि ती ठरवताना सुट्टीच्या सोयीपेक्षा वाऱ्यापावसाचा विचार आधी करावा. सोलच्या किम्पो विमानतळावरून हे बेट जेमतेम तासाभराच्या अंतरावर आहे. विमाने इतकी वारंवार सुटतात की हा मार्ग जगातील सर्वाधिक वर्दळीच्या हवाई मार्गांत गणला जातो, आणि त्यामुळेच तेथे जाणे अगदी सोपे आहे असा समज होतो. प्रत्यक्षात बेटावरचा वारा, धुके आणि क्वचित बर्फ यांच्यापुढे कोणतेही वेळापत्रक टिकत नाही. जानेवारी २०१६ मध्ये हिमवृष्टीमुळे जेजूचा विमानतळ बंद पडला, तेव्हा हजारो प्रवासी बेटावर अडकले होते. जूनच्या उत्तरार्धापासून साधारण महिनाभर जांगमा नावाचा पावसाचा काळ असतो, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वादळांची शक्यता असते, आणि शाळांची उन्हाळी सुट्टी नेमकी याच सुमारास येते. सोल्लाल आणि चुसोक या सणांच्या दिवसांत तर तिकिटे मिळणेच अवघड होते. म्हणून मे महिना किंवा ३ आणि ९ ऑक्टोबरच्या सरकारी सुट्ट्यांच्या आसपासचे दिवस मला सर्वांत योग्य वाटतात. कोणतीही तारीख निवडली, तरी परतल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला तास घ्यावा लागेल अशी आखणी करू नये. मधला एक दिवस मोकळा ठेवावा आणि रजेचा अर्ज करतानाच आपल्या कोरियन सहशिक्षकांना तसे सांगून ठेवावे.

तारीख ठरल्यावर प्रत्येकाच्या ओळखपत्राकडे वळावे. देशांतर्गत विमान असले तरी परदेशी नागरिकाला पासपोर्ट किंवा कोरियातील निवासपत्र दाखवावेच लागते, आणि तिकिटावरील नाव त्या कागदावरील नावाशी जुळावे लागते. मराठी शिक्षकांच्या बाबतीत पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधोमध असते, तर रोजच्या व्यवहारात केवळ नाव आणि आडनाव वापरले जाते. दहा-पंधरा जणांची तिकिटे एकाच व्यक्तीने काढायची असतील, तर नावे तोंडी न घेता पासपोर्टच्या पानाचे छायाचित्र पाहूनच भरावीत. मोक्पो किंवा वान्दो या दक्षिणेकडील बंदरांतून बोटीने जाणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. १६ एप्रिल २०१४ रोजी इन्चॉनहून जेजूकडे निघालेली सेवोल ही फेरीबोट बुडाली आणि ३०४ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुसंख्य दानवॉन शाळेचे विद्यार्थी होते, आणि त्यांच्याबरोबर निघालेले शिक्षकही होते. त्यानंतर बोटीवर चढणाऱ्या प्रत्येकाची नोंद आणि ओळखपत्राची तपासणी काटेकोर झाली. धक्क्यावर अर्ज भरताना आणि ओळखपत्र काढताना कोणी कुरकुर करू लागला, तर त्या नोंदीमागे काय आहे हे गटप्रमुखाने त्याला शांतपणे सांगावे.

बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८५० चौरस किलोमीटर आहे आणि मधोमध हाल्लासान हा १,९४७ मीटर उंचीचा पर्वत आहे. त्यामुळे पूर्वेचे एक स्थळ आणि पश्चिमेचे दुसरे एकाच दिवसात बसविले, तर अर्धा दिवस रस्त्यातच जातो. एका दिवशी बेटाची एकच बाजू घ्यावी. गट मोठा असेल तर चालकासह बस ठरविणे उत्तम; पण ठरविताना पार्किंगचे पैसे, चालकाचे जेवण आणि संध्याकाळी किती वाजेपर्यंत बस मिळणार, हे लेखी घ्यावे. लहान गटाने भाड्याची मोटार घ्यायची ठरविल्यास ज्यांच्याकडे कोरियन परवाना किंवा वैध आंतरराष्ट्रीय परवाना आहे, अशा किमान दोघांची नावे चालक म्हणून नोंदवावीत, म्हणजे एकट्यावर भार पडत नाही. रस्ता शोधण्यासाठी नेव्हर किंवा काकाओचा नकाशा फोनवर आधीच घेऊन ठेवावा, आणि दररोजच्या आखणीत एक स्थळ असे ठेवावे की जे वेळ अपुरा पडल्यास सोडून देता येईल. हे स्थळ कोणते, ते निघण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवले म्हणजे ऐन वेळी वाद होत नाही.

हाल्लासानच्या शिखरावर जाण्याची इच्छा गटात कोणाला ना कोणाला असतेच, आणि तिचा निर्णय घरीच व्हायला हवा. शिखरापर्यंत पोहोचणाऱ्या दोनच वाटा आहेत : सोंगपानाकची ९.६ किलोमीटरची आणि क्वानउमसाची ८.७ किलोमीटरची. दोन्हींसाठी आगाऊ नोंदणी करावी लागते, कारण दररोज जाणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवली आहे. चढ-उतारात मिळून आठ-नऊ तास सहज जातात, वरच्या टप्प्यावरील नाके दुपारी ठरलेल्या वेळी बंद होते, आणि त्यानंतर पोहोचणाऱ्याला परत फिरावे लागते. वाटेत खाण्याचे दुकान नाही; पाणी आणि डबा सोबत न्यावा आणि कचरा परत खाली आणावा. माझ्या मते, मिश्र वयाच्या गटाने शिखराचा हट्ट धरू नये. योंगशिलच्या वाटेने विट्से ओरुमपर्यंत ३.७ किलोमीटर चालले, तर उभे कडे, खुरटी झाडे आणि सुमारे १,७०० मीटर उंचीवरचे पठार पाहायला मिळते, आणि दुपारच्या जेवणापर्यंत खाली उतरता येते. ज्यांना शिखरच गाठायचे आहे, त्यांचा वेगळा गट करून त्यांना पहाटे सोडण्याची आणि संध्याकाळी घेण्याची व्यवस्था आधी ठरवावी.

पूर्वेकडचा दिवस सोंगसान इल्चुलबोंगपासून सुरू करावा. समुद्रात झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकातून उभे राहिलेले हे विवर सुमारे १८० मीटर उंच असून, हाल्लासान आणि लाव्हाच्या गुहांसह २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते बंद असते, म्हणून सोमवारी तेथे जाण्याची आखणी असेल तर दिनदर्शिका एकदा पाहून घ्यावी. पायऱ्या दगडी आणि उभ्या आहेत. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांसाठी पायथ्याचा सपाट रस्ता आणि किनारा पुरेसा आहे, आणि त्यांना एकटे वाटू नये म्हणून दोघातिघांनी खाली थांबण्याचे आधीच ठरवावे. मान्जांगगुल या लाव्हा-गुहेचे नाव प्रत्येक जुन्या माहितीपत्रकात सापडते. परंतु २०२३ च्या अखेरीस दगड कोसळल्यामुळे ती बंद करण्यात आली होती, तेव्हा ती खुली आहे याची खात्री करूनच तिला वेळ द्यावा. हेन्यो म्हणजे प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय बुडी मारून शंख-शिंपले आणि सागरी वनस्पती काढणाऱ्या स्त्रिया. त्यांच्या परंपरेला २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशात स्थान मिळाले. गुजवा भागातील त्यांचे संग्रहालय आधी पाहावे आणि मग किनाऱ्यावर जावे. या स्त्रियांत साठी-सत्तरी ओलांडलेल्या पुष्कळ आहेत आणि त्या तेथे पोटासाठी काम करत असतात. विचारल्याशिवाय जवळून छायाचित्र घेऊ नये, त्यांनी पसरलेल्या मालाला हात लावू नये, आणि शक्य असेल तेथे त्यांच्याकडूनच काही विकत घ्यावे.

सोंगसान बंदरातून उदो या लहान बेटावर जाण्यास पाव तास पुरतो, पण जाण्याच्या आणि येण्याच्या अशा दोन नोंदी भराव्या लागतात आणि मूळ ओळखपत्र जवळ असावे लागते. पासपोर्ट खोलीवर विसरलेल्या एका माणसामुळे सगळा गट धक्क्यावर खोळंबतो. मोठी बस सोंगसानलाच ठेवून तिकडे स्थानिक बस किंवा सायकल वापरावी. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ ऋतूप्रमाणे आणि समुद्राप्रमाणे बदलते, म्हणून उतरल्याबरोबर ती विचारून घेऊन सर्वांना फोनवर पाठवावी. उदोची ख्याती भुईमुगासाठी आहे. आइस्क्रीमपासून बिस्किटांपर्यंत सगळीकडे शेंगदाणे असतात, आणि गटात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असल्यास ही माहिती तिकिटापेक्षाही आधी लागते.

येथून जेवणाचा प्रश्न सुरू होतो, आणि तो परदेशी शिक्षकांच्या गटात सर्वांत नाजूक असतो. निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी प्रत्येकाकडून तो काय खात नाही आणि का खात नाही, हे स्वतंत्रपणे विचारून लिहून घ्यावे. आवड, धर्म आणि आजार या तिन्हींची सरमिसळ करू नये. जेजूचे काळे डुक्कर, वाकटीसारखा लांबट गाल्ची मासा, आबालोन शिंपल्याची पेज आणि डुकराच्या रश्शातील शेवया हे तेथील नावाजलेले पदार्थ आहेत. त्यांतील एकही शाकाहारी नाही. भाज्यांचे सूप मागितले तरी त्याचा रस्सा बहुधा सुक्या मासोळीचा असतो, आणि किमचीत माशाचा किंवा कोळंबीचा खार असतो. त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगणे पुरत नाही. मांस, मासे, शिंपले, अंडी आणि माशाचा रस्सा यांपैकी काय काय नको, ते एखाद्या कोरियन सहकाऱ्याकडून कोरियन लिपीत चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि प्रत्येक शाकाहारी माणसाच्या खिशात ती चिठ्ठी असावी. अंड्याशिवायचा बिबिम्बाप म्हणजे भाज्या घालून कालवलेला भात, टोफू, भात आणि रानभाज्या यांवर एक-दोन दिवस चांगले निघतात. तरीही मेतकूट, लोणच्याची लहान बाटली आणि दशम्या किंवा खाकरे बरोबर ठेवणाऱ्याची सोय अधिक होते. बेटावर बकव्हीट (कुट्टू) मोठ्या प्रमाणावर पिकते आणि ते शेवयांत व धिरड्यांसारख्या पदार्थांत वापरले जाते. या धान्याची तीव्र ॲलर्जी असणारी माणसे असतात, तेव्हा ते यादीत वेगळे नोंदवावे. मासळीचा रस्सा किंवा भाजलेले मांस असे पदार्थ पुष्कळ ठिकाणी किमान दोघांसाठीच देतात, आणि दुपारी तीन ते पाचच्या सुमारास अनेक स्वयंपाकघरे बंद असतात. म्हणून पंधरा माणसांनी दुपारी साडेतीनला अचानक दारात उभे राहण्यापेक्षा दोन्ही वेळच्या जागा आधी राखून ठेवाव्यात.

आणखी एक तयारी अशी आहे की जी बॅगेत मावत नाही, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ३ एप्रिल १९४८ रोजी जेजूवर उठाव झाला. त्याच्या दडपशाहीत १९५४ पर्यंत मारल्या गेलेल्यांची संख्या २५,००० ते ३०,००० असावी असा अंदाज आहे. म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येपैकी सुमारे दहावा हिस्सा. यावर बोलणेही कित्येक दशके धोक्याचे होते. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांनी राज्यसंस्थेच्या वतीने माफी मागितली आणि एप्रिल २०२५ मध्ये या घटनेची कागदपत्रे युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदीत समाविष्ट झाली. आपले विमान ज्या विमानतळावर उतरते, त्याच्या आवारातून २००७ ते २००९ या काळात मारल्या गेलेल्यांचे अवशेष उकरून काढण्यात आले. इल्चुलबोंगच्या पायथ्याजवळील तोजिनमोक या वाळूच्या पट्ट्यातही गोळीबार करून माणसे मारली होती. हे ठाऊक नसताना तेथे हसत-खिदळत छायाचित्रे काढणे हे अज्ञानाने होते, पण शिक्षकांच्या गटाला ते शोभत नाही. बोंगे भागातील ४·३ (म्हणजे ३ एप्रिल) शांतता उद्यानासाठी दोन ते तीन तास राखावेत, तेथील सभागृहाचा सुट्टीचा दिवस तपासावा, आणि अक्षरे न कोरलेली, आडवी ठेवलेली जी शिळा तेथे आहे, तिच्यापाशी किमान काही मिनिटे थांबता येईल इतका वेळ ठेवावा. निघण्यापूर्वी दोन पानांची माहिती सर्वांना वाचायला द्यावी. सहलीत जेजूचा कोणी कोरियन सहकारी असेल, तर त्याच्या घरातील गोष्टी त्याने स्वतःहून सांगितल्यासच ऐकाव्यात, खोदून विचारू नयेत.

सामानाच्या बाबतीत थोडक्यात सांगण्यासारखे आहे. बेटावरचा दगड आपल्या सह्याद्रीप्रमाणेच बेसॉल्ट आहे, पण पुष्कळ ठिकाणी सच्छिद्र आणि धारदार. पातळ तळाच्या चपलांनी किनाऱ्यावर जाऊ नये. छत्री वाऱ्यापुढे निरुपयोगी ठरते, म्हणून टोपी असलेला वाराप्रतिबंधक अंगरखा प्रत्येकाकडे असावा, आणि मे महिन्यातही हाल्लासानसाठी एक उबदार कपडा घ्यावा. पॉवर बँक विमानतळावर सोपवायच्या मोठ्या सामानात ठेवता येत नाही. मार्च २०२५ पासून कोरियन विमानांत ती डोक्यावरील कप्प्यातही ठेवायची नसते, ती अंगाजवळ ठेवावी आणि तिचे टोक चिकटपट्टीने झाकावे. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी औषध चढण्यापूर्वी घ्यावे, आणि नेहमीची औषधे दोन दिवसांची जादा ठेवावीत.

राहण्याच्या जागेत किती पलंग आणि किती जणांना जमिनीवरील गादीवर झोपावे लागेल, हे विचारून मगच खोल्या वाटाव्यात. कंबरदुखी असलेल्या माणसाला हे रात्री दहा वाजता कळू नये. बहुतेक ठिकाणी कार्ड चालते, पण बाजारासाठी थोडी रोकड लागते. जेजू शहरातील पाच दिवसांनी भरणारा बाजार २ आणि ७ ने संपणाऱ्या तारखांना असतो, तारीख जुळत असेल तर तो चुकवू नये. रुग्णवाहिकेसाठी आणि अग्निशमनासाठी ११९, पोलिसांसाठी ११२ आणि दुभाष्यासह पर्यटक मदतीसाठी १३३० हे क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावेत. गटातील सर्वांची नावे, निवासाचा पत्ता आणि जवळच्या नातेवाइकांचे क्रमांक असलेला एक कागद मुख्य भूमीवरील एखाद्या सहकाऱ्याकडे ठेवावा. परतीच्या दिवशी विमानतळावर तपासणीत बेटावरचे दगड किंवा उदोच्या किनाऱ्यावरील पांढरे खडे सापडले तर ते काढून घेतले जातात, कारण ते बेटाबाहेर नेण्यास मनाई आहे. ही गोष्ट पहिल्याच संध्याकाळी, खिसे भरण्याआधी सांगून टाकावी. सामूहिक खर्चाचा हिशेब रोज रात्री जेवणानंतर लिहून प्रत्येकाला दाखवावा आणि उरलेली देवाणघेवाण विमान सुटण्यापूर्वी, सर्व जण एकत्र असतानाच पूर्ण करावी.