डिझेल गाडीला गॅस: मिक्सर लावायचा की इंजेक्टर?

पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की हवेची झडप उघडते. डिझेल गाडीत तो दाबला की वाढतं ते फक्त डिझेल. हवा इंजिन कायम पोटभर ओढत असतं. नव्या डिझेल गाड्यांत ईजीआरसाठी (जळलेला धूर थोडा परत इंजिनात फिरवण्यासाठी) हवेच्या वाटेत एक झडप असते, पण ताकद किती मिळणार हे ती ठरवत नाही. म्हणजे डिझेल इंजिनात किती हवा आत जाते यावरून त्यावर लोड किती आहे हे नीट कळत नाही. डिझेलबरोबर एलपीजी किंवा सीएनजी जाळणारी किट दोन तऱ्हेची: मिक्सरवालं मेकॅनिकल आणि इंजेक्टरवालं इलेक्ट्रॉनिक. मेकॅनिकल किट नेमकं हवेलाच विचारून गॅस सोडतं. इलेक्ट्रॉनिक किट पेडल, टर्बोचा (हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब आणि आरपीएम पाहून सोडतं. बाकीचे सगळे फरक इथूनच निघतात.

गॅस हवेबरोबर सिलिंडरमध्ये जातो, पण दाबला म्हणून आपोआप पेटत नाही. डिझेल सव्वादोनशे अंशांच्या आसपास पेट घेतं, एलपीजीतल्या प्रोपेनला साधारण ४७० आणि सीएनजीतल्या मिथेनला ५४० अंश लागतात. त्यामुळे डिझेलचा फवारा ही काडी आणि गॅस हे सरपण. काडी बंद केली तर गाडी चालणार नाही, म्हणून डिझेल इंजिन तसंच ठेवून ते शंभर टक्के गॅसवर नेता येत नाही. एलपीजी लवकर ठोकतो (आवरता न येता धडक्यात पेटतो), त्यामुळे एकूण ऊर्जेच्या १५ ते २५ टक्क्यांवर थांबावं. सीएनजी ठोक्याला बराच सोसतो, म्हणून नीट जुळवलेल्या इलेक्ट्रॉनिक किटवर तो निम्म्यापर्यंत नेता येतो.

२० टक्के एलपीजी म्हणजे हवेत किती? पूर्ण लोडवर आकारमानाने जेमतेम ०.६ टक्के. प्रोपेन-हवेच्या मिश्रणातून ज्योत स्वतःहून पसरायला निदान २.१ टक्के गॅस लागतो. म्हणजे इतका विरळ गॅस जिथे डिझेलचा फवारा पोचतो तिथेच जळतो, कोपऱ्यात राहिलेला तसाच सायलेन्सरमधून बाहेर जातो. आयडलला फवारा इवलासा आणि हवा भरपूर, तेव्हा बहुतेक गॅस वायाच जातो. म्हणून किट कोणतंही असो, आयडलला आणि हलक्या लोडवर गॅस बंद हवा.

मेकॅनिकल किट

सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी गॅसची झडप), गॅसचा दाब उतरवणारा रिड्यूसर, गॅस कमी-जास्त करणारा पॉवर स्क्रू आणि एअर फिल्टर व टर्बोच्या मधल्या पाइपात बसणारा व्हेंच्युरी मिक्सर (अरुंद गळ्यातून जाणारी हवा त्यात गॅस ओढते), एवढाच पसारा. रिड्यूसरला इंजिनचं गरम पाणी द्यावंच लागतं, नाहीतर त्यावर बर्फ धरतो. एलपीजीत द्रवाची वाफ होताना उष्णता शोषली जाते, सीएनजीत २०० बारवरून दाब उतरताना गॅस गार होतो. पाण्याची जोडणी हीटरच्या नळीतून घ्यावी आणि रिड्यूसर रेडिएटरच्या वरच्या पातळीखाली बसवावा. वर बसवला तर त्यात हवा अडकते, पाणी फिरत नाही. पाणी ४० अंशांच्या वर जाईपर्यंत गॅस उघडू नये. डिझेल इंजिन उशिरा तापतं, त्यामुळे जवळच्या फेऱ्यांना या किटचा फारसा उपयोग नाही.

दोष उतारावर उघडा पडतो. समजा, भरलेली गाडी कसारा घाट उतरते आहे, तिसरा गिअर, पाय पेडलवरून काढलेला. डिझेल शून्य, पण आरपीएम चढे, म्हणून हवा भरपूर. मिक्सर बिचारा हवा पाहून गॅस सोडतच राहतो. काडी नाही, म्हणून न जळलेला गॅस गरम सायलेन्सरमध्ये साठतो आणि पुन्हा पाय दिला की फटाका वाजतो. यावर स्वस्त उपाय म्हणजे टर्बोनंतरच्या पाइपात ०.२ ते ०.३ बारला चालू होणारा प्रेशर स्विच. गॅसचा सोलेनॉइड त्याच्यातूनच जोडायचा. दाब नाही तर गॅस नाही.

दुसरा धोका इंजिन बेफाम पळण्याचा. गव्हर्नर (आरपीएम सांभाळणारी यंत्रणा) डिझेल आवरतो, गॅस त्याच्या ताब्यात नसतो. रिड्यूसरचा डायफ्राम (आतला पडदा) फाटला आणि गॅस जास्त सुटला तर डिझेल शून्यावर येऊनही इंजिन रेस होत जाऊ शकतं. म्हणून सोलेनॉइडला तीन अटी एकामागे एक लावाव्यात: चावी, ऑइल प्रेशर स्विच, आणि ठरावीक आरपीएमवर तोडणारा रिले.

स्थिर जनरेटर किंवा पंपाला मात्र मेकॅनिकल किट छान जमतं. आरपीएम ठरलेला, लोड जवळपास एकसारखं, आणि गॅस आला की गव्हर्नर स्वतःच डिझेलचा रॅक (डिझेल किती जायचं ते ठरवणारा दांडा) मागे घेतो. बायोगॅसवर चालणारे डिझेल पंप याच तत्त्वाचे. गाडीत तसं आपोआप होत नाही. चालकाने तेवढाच पाय ठेवला तर डिझेल तेवढंच जळतं आणि गॅस वर जादा: ताकद वाढते, उष्णता वाढते, बचत शून्य.

इलेक्ट्रॉनिक किट

यात रिड्यूसरनंतर फिल्टर, इंजेक्टर रेल (गॅसच्या इंजेक्टरांची ओळ), ईसीयू (किटचा छोटा संगणक) आणि सेन्सर असतात. पेडलची पोझिशन, मॅनिफोल्डचा दाब, आरपीएम, गॅसचं तापमान व दाब, आणि एक्झॉस्टचं तापमान. शेवटचा सेन्सर पुष्कळ जण वगळतात, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये बसवावं. टर्बोनंतर बसवलं तर आकडा बराच कमी दिसतो आणि खोटा दिलासा मिळतो.

बसवण्याआधी इंजिन तपासा: कॉम्प्रेशन, डिझेल नोझलचा फवारा, एअर फिल्टर, रेडिएटर. टपकणारं नोझल असलेल्या इंजिनला गॅस देणं म्हणजे पिस्टनचं मरण. मग नुसत्या डिझेलवर टाकी-टू-टाकी ॲव्हरेज आणि चढावरचं एक्झॉस्ट तापमान लिहून ठेवा. हे आकडे नसतील तर नंतर किट बरं की वाईट हे कुणालाच सांगता येणार नाही.

गॅसची नोझल इनटेक मॅनिफोल्डला, प्रत्येक पोर्टच्या शक्य तितकी जवळ. मॅनिफोल्ड काढूनच ५ मिलिमीटरचं भोक पाडा आणि एम-६ टॅप मारा. जागेवर ड्रिल करून चुरा व्हॅक्यूमने ओढू, म्हणणाऱ्या फिटरला गाडी देऊ नका. इंजेक्टरपासून नोझलपर्यंतच्या नळ्या सारख्या लांबीच्या आणि २० सेंटिमीटरच्या आत हव्यात. एक नळी लांब राहिली तर त्या सिलिंडरला गॅस उशिरा पोचतो आणि इंजिन थरथरतं. सीक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला त्याच्या पाळीने गॅस देणारं) क्रँक व कॅमच्या सिग्नलवर चालतं. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दोन्ही उघडे असतानाच्या क्षणात ते गॅस सोडत नाही, त्यामुळे गॅस थेट एक्झॉस्टला निसटत नाही. मिक्सरला ही सोय नाही.

कॉमन रेल इंजिनात (सगळ्या डिझेल इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं अशा) डिझेल कमी कसं करायचं हा खरा पेच. पेडलचा सिग्नल बदलून कमी करणं सोपं. रेल प्रेशरचा सिग्नल खोटा दाखवणारे डबेही मिळतात, पण चेक लाइट लागते आणि फवारा बिघडतो. इंजेक्टर उघडा राहण्याची वेळ कमी करणारं किट महाग, पण योग्य. डिझेल किती उतरवायचं यालाही सीमा आहे: नोझलचं टोक डिझेलच्या प्रवाहानेच गार राहतं, अगदी थोडं डिझेल ठेवलं तर टोकावर कार्बन धरतो.

सेटिंग चढावर, लोड घालून करा. गॅस एकेक पायरी वाढवा आणि दर पायरीला मिनिटभर थांबा. टर्बोआधीचं तापमान सलग ७०० अंशांपुढे जाऊ लागलं की दोन पायऱ्या मागे. खडे हलवल्यासारखा आवाज आला की लगेच मागे, मग तापमान कितीही असो. तो आवाज गॅस जास्त झाल्याचा, आत येणारी हवा गरम असल्याचा, पंपाचं टायमिंग पुढे असल्याचा, किंवा ब्युटेन जास्त असलेला एलपीजी भरल्याचा. सेटिंग थंडीत केलं असेल तर एप्रिलमध्ये पुन्हा तपासा. गॅसचा फिल्टर १५ ते २० हजार किलोमीटरला बदला, तेलकट मळ इंजेक्टरमध्ये गेला की एक सिलिंडर रोडावतो.

काम झाल्यावर दोन चाचण्या. इंजिन बंद, चावी चालू: सोलेनॉइडचा टक आवाज येता कामा नये. मग गाडी उभी ठेवून, इंजिन गॅसवर चालू असताना चावी बंद करा: इंजिन डिझेलवर थांबतं तसंच थांबायला हवं. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून पाहा.

कागदपत्रांचं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल आरसी बुकावर नोंदवावा लागतो, आणि किट तुमच्या इंजिनसाठी मान्यताप्राप्त हवं. मान्यतेचं प्रमाणपत्र, एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेचं, आधी हातात घ्या. बीएस-६ डिझेलला बाहेरून गॅस किट लावण्याच्या भानगडीत पडू नये, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि त्याचे सेन्सर ते चालू देत नाहीत. घरगुती सिलिंडर गाडीत वापरणं बेकायदेशीर आहे. सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी.

हिशेब असा. १ लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल, १ किलो एलपीजीत ४६. १० चं ॲव्हरेज देणारा टेम्पो १०० किलोमीटरला १० लिटर पितो. २० टक्के गॅसवर २ लिटर डिझेल वाचतं आणि १.६ किलो, म्हणजे २.९ लिटरच्या आसपास एलपीजी लागतो. तुमच्या पंपावर एलपीजीचा लिटरचा भाव डिझेलच्या भावाच्या ०.६९ पटीहून जास्त असेल तर प्रत्येक किलोमीटरला तोटा. सीएनजीचा १ किलो कागदावर १.३ लिटर डिझेलएवढा, पण काही गॅस न जळता जातो, म्हणून १.२ धरा. बचतीतून किटची किंमत किती किलोमीटरमध्ये फिटते ते काढा, आणि त्यात दर वर्षीचे फिल्टर, रिड्यूसरचा डायफ्राम आणि सिलिंडर टेस्टचा खर्चही मिळवा.