बुजऱ्या भटक्या मांजराला आपलंसं कसं करायचं

"वाटीभर दूध ठेव, येईल आपोआप" असा सल्ला जो देतो त्याने आयुष्यात एकही भटकं मांजर जवळ आणलेलं नसतं, खुशाल समजा. मांजर दूध पितं, नाही असं नाही, पण आईचं दूध सुटलं की ते पचवायची ताकद बहुतेक मांजरांची कमी होत जाते, मग दुसऱ्या दिवशी जिन्यात हगवण आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या नावाने मेसेज. दुसरा सल्ला, "दोन दिवस उपाशी राहू दे, झक मारत येईल." तिसरा सगळ्यात भयंकर, "पकडून खोलीत कोंड, माणसाळतं." हे तिन्ही मी ऐकलेत, पहिला करूनही बघितलाय.

मी ठाण्यात राहते, बिल्डिंग जुनी, खाली पार्किंग, कोपऱ्यात मीटर रूम आणि तिथे बारा महिने मांजरं. नऊ वर्षांत सात मोठी मांजरं हाताला आली. पिल्लं यात धरत नाही, पिल्लू साधारण २ ते ७ आठवड्यांचं असताना माणसांच्या हातात वावरलं तर सहज माणसाळतं, त्यात माझी काय कर्तबगारी. खरा प्रश्न त्या मोठ्या मांजराचा, ज्याचं ते वय गाडीखाली लपण्यात गेलं किंवा ज्याला कोणीतरी पाळून सोडून दिलं आणि मग चार जणांनी अंगावर पाणी फेकलं. दुधाने तोंड पोळलेलं आहे, ताक फुंकूनच पिणार ते. त्याला दोष देऊ नका आणि महिना-दोन महिने हातात धरूनच सुरुवात करा. आणि दिवाळीच्या तोंडावर तर सुरू करूच नका, एका लवंगीच्या माळेत तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात जाते.

खाणं. उकडलेलं चिकन, त्यात मीठ, मसाला, कांदा, लसूण काहीही नको (कांदा-लसूण मांजराला विषच), शिजलेली हाडं नकोत, किंवा सरळ कॅट फूड. सुकट-बोंबलाचा वास लांबून खेचतो पण खारट असतं, चिमूटभर आमिष म्हणून ठीक. पाणी वेगळ्या भांड्यात. वेळ एक, जागा एक, आवाज एक. माझं संध्याकाळी सव्वासात, आणि स्टीलच्या वाटीवर चमचा दोनदा वाजवते, बस. वीस मिनिटांनी उरलेलं उचला, नाहीतर मुंग्या येतात आणि मुंग्यांच्या मागोमाग सेक्रेटरी.

आता बसणं. पहिले चार-पाच दिवस वाटी ठेवून निघून जा. मग बसायला लागा, पण किती लांब ते ती मांजर ठरवणार. ती खाता खाता थांबून तुमच्याकडे बघायला लागली की तुम्ही जास्त जवळ आहात, सरका मागे. आमच्या पार्किंगला शहाबादी फरशी आहे, दोन फुटी, त्यामुळे मला मोजायला सोपं पडतं, दर दोन-तीन दिवसांनी एक फरशी पुढे, आणि तिचं खाणं थांबलं तर एक फरशी मागे. उभं राहू नका, जमिनीवर बसा, अंग जरा आडवं वळवून, समोरासमोर तोंड करून नाही. प्लास्टिकची पिशवी नेऊ नका, तिच्या खसखशीला मांजरं फार दचकतात. आणि टक लावून बघू नका हो, मांजरांच्यात टक लावणं म्हणजे भांडणाची तयारी. नजर गेलीच तर डोळे हळूच अर्धे मिटा, क्षणभर तसेच ठेवा, हळू उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या लोकांनी २०२० साली यावर अभ्यास छापला, अनोळखी माणसाने असे डोळे मिचकावले की मांजरं त्याच्या हाताकडे यायची शक्यता वाढते असं त्यात दिसलं. मी पार्किंगमध्ये बसून हे करत होते तर तळमजल्यावरच्या आजी जाता जाता म्हणाल्या, "डोळे आलेत का गं तुझे?"

इथपर्यंत कोणालाही जमतं. वॉचमन काकांना जमलं, माझ्या भाच्याला जमलं, तो तर सहावीत आहे. बहुतेक लोक इथून पुढे वाट लावतात, आणि मीही लावली होती.

ती होती करड्या पट्ट्यांची भाटी, सतत फिस्कारायची म्हणून नाव पडलं फुरसं. तेविसाव्या दिवशी ती माझ्यापासून एका फरशीवर खात होती, पाठ माझ्याकडे करून. पाठ केली म्हणजे विश्वास बसला, झालं काम, असं मला वाटलं. जानेवारी होता, मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून थेट खाली आले होते, साडी, अंगावर गुलाबपाण्याचा वास, डाव्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या. मी हात वरून नेला, पाठीवर ठेवायला. हात खाली जाताना बांगड्या मनगटावर घसरल्या आणि खळ्ळकन वाजल्या. ती वळली कधी, चावली कधी मला दिसलंच नाही, अंगठ्याखाली दोन भोकं आणि मनगटावर एक लांब ओरखडा, आणि ती मीटर रूमच्या मागे गायब. वाटी उलटी, चिकन फरशीवर.

त्यातलं काय काय चुकलं ते मी नंतर बोटांवर मोजलं. वास वेगळा. कपडे वेगळे, साडीची सळसळ. आवाज तर विचारूच नका. पण बांगड्या नसत्या तरी चावलीच असती, कारण हात वरून आला. मांजराला वरून येतं ते काय, घार, कावळा, झाडू, चप्पल. त्यातून ती खात होती, आणि खाताना मांजराला हात लावणं म्हणजे जेवणाऱ्या माणसाच्या पाठीत धपाटा घालणं. लोक म्हणतात खाण्यात गुंग असताना गोंजारून घ्या, कळत नाही तिला. कळतं. सगळं कळतं.

मधेच हे वाचून घ्या. चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या नळाखाली १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. मांजरापासूनही रेबीज होतो आणि एकदा लक्षणं दिसली की मग माणूस जवळपास हातचा गेलाच म्हणून समजा, त्यामुळे "छोटंसं तर आहे" चालणार नाही. मी पालिकेच्या दवाखान्यात गेले, दंडाच्या कातडीत देतात ती इंजेक्शनं, पहिल्या दिवशी, मग तिथून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. कातडी फाटून रक्त आलं असेल तर त्या सोबत जखमेतही एक वेगळं औषध टोचतात, ते डॉक्टर ठरवतील. शिवाय मांजराचा दात सुईसारखा, भोक बारीक पण खोल, आत पू होतो, माझा अंगठा दुसऱ्या दिवशी सुजून भोपळा झाला होता. हे काम नेहमी करणार असाल तर आधीच रेबीजची लस घेऊन ठेवायची का ते डॉक्टरांना विचारा, मी नंतर शहाणी झाले.

फुरसं अकरा दिवस आलंच नाही. वॉचमन काका म्हणाले, "ताई, ती आता नाय येणार." मी रोज सव्वासातला वाटी वाजवून ठेवायची आणि वर निघून जायची, म्हणजे पुन्हा पहिल्या दिवसावर. बाराव्या दिवशी वाटी रिकामी होती. बोक्याने खाल्लं असेल म्हणून मी जिन्यातून डोकावत बसले, तर तीच.

मग दुसऱ्या खेपेला जे केलं तेच मी त्यानंतर प्रत्येक मांजराला करते.

हात आणि खाणं यांची गाठ आधी चमच्याने बांधायची. लांब दांड्याचा लाकडी चमचा घ्या, हातभर असला तर उत्तम, त्याच्या टोकाला चिकनचा लगदा. बोटावर घेऊन भरवायला जाऊ नका, नाकापासून वीतभर अंतराच्या आतलं मांजराला धड स्पष्ट दिसत नाही, मिशा आणि वासावर काम चालतं, बोट कुठे संपलं आणि चिकन कुठे सुरू झालं ते कळत नाही आणि मग चूक तिची नसते. काठी नको, झाडूचा दांडा तर नकोच, त्याचे फटके खाल्लेले असतात. चमचा जमिनीलगत सरकवायचा, आणि ती चाटत असताना हात स्थिर. हात भरून येतो, कोपर गुडघ्यावर टेका. असं आठ-दहा दिवस, आणि दर वेळी दांडा चिकनच्या टोकाच्या थोडा जवळ धरायचा. फुरसं पहिल्यांदा चमचा चाटायला आली तेव्हा मान इतकी लांब करून आली की मागचे पाय होते तिथेच, पुढचं अंग फक्त ताणलेलं, म्हणजे पळायची सोय पूर्ण ठेवून. मागचे पाय बघा कायम. मागचे पाय पुढे सरकले की मगच ती खरी आली.

मग हात. नेटवर सगळीकडे सांगतात की मूठ तिच्या नाकासमोर धरा, हुंगू द्या. पाळलेल्या मांजराला ठीक आहे. बुजऱ्याच्या तोंडावर मूठ नेणं म्हणजे ठोसाच. मी काय करते, तिचं खाऊन झालं, तोंड-बिंड चाटून झालं की हात माझ्या मांडीशेजारी जमिनीवर नुसता टाकून ठेवते, बोटं सैल, एक बोट जरासं पुढे आलेलं, आणि बघते दुसरीकडे, पार्किंगच्या गेटकडे. हात तिच्याकडे जात नाही, तिला यायचं तर येईल. पहिल्या दिवशी लांबून हुंगून गेली. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी ओलं, गार नाक नखाला लागलं आणि मी श्वास धरून बसले, बोट हलवलं नाही, त्याच वेळी पाठीवर डास चावत होता. तुम्हीही हलवू नका. नाक लागलं म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं, ती फक्त तुमचं आधारकार्ड बघतेय.

परवानगी म्हणजे गाल. हुंगून झाल्यावर ती तोंडाची कड, गाल, हनुवटी बोटावर घासते, तिथे तिच्या वासाच्या ग्रंथी असतात, तुम्हाला आपल्यातलं म्हणून शिक्का मारते. तेव्हा बोट तेवढंच हलवायचं, गालावर, तीन सेकंद. मग थांबायचं. हे थांबणं कोणाला जमत नाही आणि सगळा खेळ त्यातच आहे. थांबल्यावर ती परत डोकं पुढे आणते का? आणलं तर अजून तीन सेकंद. नाही आणलं तर उठा, वाटी उचला, घरी जा, कितीही मोह झाला तरी. महिनाभर फक्त गाल आणि कानाची मुळं. पाठ नंतर, शेपटीजवळ बऱ्याच जणांना चालत नाही, आणि पोट दाखवलं तर ते बघायला दिलंय, हात लावायला नाही.

शेपूट सरळ वर, टोकाला जरा वाक, म्हणजे खुशीत. शेपूट जमिनीवर आपटतेय, पाठीची कातडी थरथरतेय, कान विमानाच्या पंखांसारखे आडवे झालेत, यातलं एक जरी दिसलं तरी हात मागे. घुरघुर ऐकून हुरळू नका, आजारी आणि घाबरलेलं मांजरही घुरघुरतं. आणि फिस्कारली तर रागावू नका, फिस्कारणं ही नोटीस आहे, नोटीस न देता चावणाऱ्यांपेक्षा बरं.

काही मांजरं इथपर्यंत येतच नाहीत. आमचा बाजीराव, अर्धा कान फाटलेला बोका, चार वर्षं झाली, दोन हातांवर बसतो, डोळे मिचकावतो, खातो, जातो. असू दे. त्याला उचलून मांडीवर घ्यायचा हट्ट कशाला.

नंतरचं सोपं. पिंजरा किंवा कॅरिअर दार उघडं ठेवून तिथेच ठेवा, रोजचं खाणं हळूहळू त्याच्या आत सरकवा, दोन-तीन आठवड्यांत ती स्वतः आत जाऊन जेवते, मग एक दिवस दार लावा आणि नसबंदीला न्या. हे टाळू नका, भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, कधी त्याआधीही, आणि दोन महिन्यांत पिल्लं. ऑपरेशनच्या वेळी कानाचं टोक छाटतात, ती खूण, पुन्हा कोणी पकडून नेऊ नये म्हणून. आधीच छाटलेलं दिसलं तर तुमचं एक काम वाचलं. आणि तिला ताप वाटला, लंगडत असली तर घरातलं पॅरासिटामॉल देऊ नका, अर्ध्या गोळीनेही मांजर मरतं.

दार दुसऱ्या कोणाकडून तरी लावून घ्या. आमच्याकडे वॉचमन काकांनी लावलं, फुरसं त्यांच्याकडे अजून बघत नाही, काकांना त्याचं वाईट वाटतं. माझ्यावर चार दिवस रुसली आणि पाचव्या दिवशी चमच्याला आली. आता मीटर रूमवरच्या गोणपाटावर झोपते, सव्वासातला उतरते, गाल घासते, पण उजव्याच हाताला. संक्रांतीला मी आधी खाली जाऊन येते आणि मग बांगड्या भरते.