पुळणीवर सापडलेली वस्तू स्पॅनिश वसाहतकाळातली आहे का, हे कसं ओळखावं

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर सेबॅस्टियन, व्हेरो बीच, फोर्ट पियर्स या पट्ट्याला ट्रेझर कोस्ट म्हणतात. २४ जुलै १७१५ रोजी हवानाहून स्पेनकडे निघालेला बारा जहाजांचा ताफा आठवडाभरात चक्रीवादळात सापडला. अकरा जहाजं याच किनाऱ्यावर फुटली आणि हजाराच्या आसपास माणसं बुडाली. बरंचसं चांदी-सोनं स्पॅनिशांनी लगेच वर काढलं, तरी उरलेलं आजही ईशान्येच्या वादळानंतर अधूनमधून वाळूवर येतं. ऑर्लँडोकडची मराठी मंडळी सुट्टीत या किनाऱ्यावर जातात. कधी तिथे एखादा काळपट, वेडावाकडा तुकडा हाती लागलाच, तर पुढच्या क्रमाने तपासणी करा.

१. उचलण्याआधी

फोटो काढा: एक लांबून, एक जवळून. शेजारी मोजपट्टी ठेवा, नसेल तर एखादं चालू नाणं ठेवा. फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपून घ्या. वस्तू भरतीच्या रेषेच्या वर होती की खाली, वाळूच्या टेकडीपासून किती पावलांवर होती, वर होती की पुरलेली, हेही लिहा. वाळू किनाऱ्याची मूळची आहे की टाकलेली, हे मात्र हमखास विसरलं जातं. धूप भरून काढायला समुद्रतळाची वाळू उपसून किनाऱ्यावर पसरतात. अशा वाळूतली वस्तू आली कुठून, हे तिच्या आजच्या जागेवरून सांगता येत नाही. जागेची नोंद म्हणजे वस्तूची अर्धी ओळख असते आणि ती नंतर मिळवता येत नाही.

कायदाही याच क्षणी पाहायचा. फ्लोरिडात भरतीरेषेखालचा समुद्रतळ राज्याच्या मालकीचा आहे, त्यावरच्या ऐतिहासिक वस्तूही राज्याच्याच. परवान्याशिवाय तिथे खणायचं नाही. कोरड्या पुळणीचे नियम त्या त्या काउंटीचे, शहराचे किंवा उद्यानाचे असतात, तेव्हा आधी विचारून घ्या. कॅनाव्हेरल किंवा टेक्सासच्या पाद्रे आयलंडसारख्या राष्ट्रीय किनाऱ्यांवर धातुशोधक यंत्र न्यायलाच बंदी आहे. पाद्रे बेटापाशी १५५४ मध्ये तीन स्पॅनिश जहाजं फुटली होती, म्हणून तिथे मोह जास्त होतो. तिथे काही दिसलं तर जागेवरच ठेवा आणि रेंजरला सांगा.

२. घासू नका, आणि ओलं असेल तर ओलंच ठेवा

काळी वस्तू दिसली की आपला हात आपसूक चिंच, लिंबू, पितांबरीकडे जातो. इथे तो आवरा. समुद्रातल्या चांदीवरचा काळा थर हा चांदीचाच गंधकाशी झालेला संयोग असतो. कित्येकदा ठशाची अक्षरं त्या थरातच उरलेली असतात, खालचा धातू सपाट झालेला असतो. थर गेला की तारीख गेली. धुण्याचा सोडा आणि बॅटरी लावून गंज काढण्याचे व्हिडिओ खूप दिसतात. प्रयोगशाळेत ही पद्धत मोजूनमापून वापरतात. घरी केली तर पातळ नाण्याची कड तासाभरात खाल्ली जाते.

लोखंड सुकू दिलं तर त्यात मुरलेले क्षार स्फटिक होतात आणि पापुद्रे सुटतात. खापरीची झिलईही अशीच उडते. म्हणून ओल्या सापडलेल्या वस्तू झाकणाच्या प्लास्टिक डब्यात नळाच्या पाण्यात ठेवा. पाणी पहिले काही दिवस रोज बदला, पुढे आठवड्याला. वेगवेगळे धातू एका डब्यात घालू नका, कारण खारट पाण्यात एक धातू दुसऱ्याला खातो. सोन्याला यातलं काहीच लागत नाही.

३. नाणं असेल तर

१७१५ च्या ताफ्यातली बहुतेक चांदीची नाणी 'कॉब' प्रकारची आहेत. चांदीच्या कांबीचे तुकडे पाडायचे, वजन जुळेपर्यंत कडा छिन्नीने छाटायच्या, मग दोन ठशांमध्ये ठेवून हातोडा मारायचा, अशी ती घडत. त्यामुळे प्रत्येकाचा आकार वेगळा असतो आणि ठशाचा काही भागच नाण्यावर उमटतो. रुंदी मोजून म्हणूनच काही कळत नाही. टांकसाळीने काटेकोर ठेवलं ते वजन:

- ८ रियाल: सुमारे २७.४ ग्रॅम
- ४ रियाल: १३.७ ग्रॅम
- २ रियाल: ६.८ ग्रॅम
- १ रियाल: ३.४ ग्रॅम
- अर्धा रियाल: १.७ ग्रॅम

समुद्रातली चांदी झिजते. ८ रियालचं नाणं २० ग्रॅमच्याही खाली आलेलं असू शकतं, म्हणून कमी वजनावरून ते नकली ठरवू नका. तक्त्यापेक्षा जास्त भरलं तर मात्र शंका घ्या. फक्त वर कवच चढलेलं नाही ना, ते पाहा. सोन्याचं उलट आहे. ८ एस्कुदोचं नाणं २७ ग्रॅमचं, आणि सोनं गंजत नसल्याने आजही जवळपास तेवढंच भरायला हवं.

आता घनता. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा घ्या. नाणं टिपकागदाने टिपून वजन करा. मग काट्यावर हलक्या प्लास्टिकच्या पेल्यात पाणी ठेवून काटा शून्यावर आणा (काचेचा पेला छोट्या काट्याला झेपत नाही). नाणं शिवणाच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता दिसेल त्या आकड्याने पहिल्या वजनाला भागा. समजा नाणं २६.१ ग्रॅम भरलं आणि पाण्यात काट्याने २.५४ दाखवले, तर घनता १०.३ आली; ही या नाण्यांच्या चांदीशी जुळते. आजची तांबं-निकेलची नाणी ८.९ च्या आसपास येतात, कथिलाच्या मिश्रणाच्या नकला साधारण ७.३, शिसं ११.३ आणि बावीस कॅरेट सोनं १७.५ च्या वर. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आणि वरचं कवच दोन्ही हा आकडा खाली ओढतात. बुडबुडे दोरा हलवून घालवा. कवच तसंच राहू द्या आणि ९.५ आलं तरी चांदी नाकारू नका.

मग भिंग घ्या आणि प्रकाश बाजूने, तिरका पाडा. एका बाजूला क्रूस शोधा. मेक्सिकोच्या क्रुसाच्या टोकांना गोळे असतात; लिमा आणि पोतोसी या दक्षिण अमेरिकेतल्या टांकसाळींच्या क्रुसाच्या भुजा सरळ, टोकाला आडव्या दांडीच्या. क्रुसाच्या चार कोनांत किल्ले आणि सिंह असतात. दुसऱ्या बाजूला मेक्सिकोच्या नाण्यावर राजचिन्हाची ढाल. तिच्या डावीकडे टांकसाळीची खूण, म्हणजे रोमन 'एम' आणि त्याच्या डोक्यावर बारीक 'ओ', आणि खाली चांदी पारखणाऱ्या अधिकाऱ्याचं आद्याक्षर. त्या काळातल्या मेक्सिकोच्या नाण्यांवर ते 'जे' असतं. ढालीच्या उजवीकडे किंमत. लिमा-पोतोसीच्या त्या काळच्या नाण्यांवर ढालीऐवजी लाटांवर उभे दोन खांब असतात आणि अक्षरं फुली-गोळ्याच्या घरांसारखी तीन ओळींत: वर टांकसाळ, किंमत आणि पारखी, मधे 'प्लुस उल्त्रा' हे स्पेनचं बोधवाक्य, खाली पारखी, सालाचे शेवटचे आकडे आणि पुन्हा टांकसाळ. 'एल' म्हणजे लिमा, 'पी' म्हणजे पोतोसी.

ही पुनरुक्ती आपल्या फार उपयोगाची आहे. तीच खूण दोनदा असल्याने एक पुसली तरी दुसरी सापडते. ढालीच्या मध्यात तीन लिलीफुलांची छोटी ढाल असेल, तर राजा पाचवा फिलिप, म्हणजे नाणं १७०० नंतरचं. साल १७१५ च्या पुढचं असेल, तर ते त्या ताफ्यातलं असूच शकत नाही. यंत्रावर पाडलेली गोल, नक्षीदार कडेची नाणी मेक्सिकोत १७३२ पासून सुरू झाली आणि राजाचा चेहरा असलेली १७७२ पासून. तीही स्पॅनिश वसाहतकाळातलीच, पण त्यांचा या ताफ्याशी संबंध नाही.

आठ रियालची ही चांदी आपल्याकडेही आली होती. युरोपीय कंपन्या ती सुरतेला उतरवत आणि मुघल टांकसाळीत ती वितळून तिचे रुपये पडत.

नकला भरपूर आहेत, किनाऱ्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानात विकल्या जातात आणि तिथूनच वाळूतही पोचतात. अमेरिकेत १९७३ च्या कायद्यानुसार नाण्याच्या नकलेवर 'कॉपी' असा शब्द उमटवावा लागतो; तो आधी शोधा. नसेल तर कड बघा. हातोड्याने फुटलेली खरी चीर नाण्याच्या आरपार, दोन्ही बाजूंना दिसते आणि तिच्या कडा धारदार असतात. ओतीव नकलेतली चीर उथळ आणि बुळबुळीत. साच्याचा सांधा, टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे, आणि सगळी अक्षरं सुबक मध्यभागी बसलेली, ही लक्षणं नकलेची.

४. खापरी असेल तर

बोतिहा नावाच्या तेला-दारूच्या बरण्यांच्या खापऱ्या सर्वांत जास्त सापडतात. जाडी साधारण ७ ते १२ मिलिमीटर, माती भरड, रंग मळकट पिवळसर ते गुलाबी, आतून चाकाच्या ठळक वळ्या, कधी आतल्या अंगाला हिरवी झिलई. तोंडाचा काठ जाड कड्यासारखा. आजच्या कुंडीच्या तुकड्यावर अशा वळ्या सहसा नसतात.

पांढऱ्या झिलईच्या खापरीचा तुटलेला काठ पाहा. मायोलिका, म्हणजे पांढऱ्या झिलईची स्पॅनिश मातीची भांडी, असेल तर दुधी झिलई आणि खालची मऊ माती असे दोन थर स्पष्ट दिसतात, आणि मातीवर ठेवलेला पाण्याचा थेंब काही क्षणांत जिरतो. चिनी मातीत थर वेगळा दिसत नाही, थेंब तसाच राहतो. निळ्या नक्षीची चिनी माती दिसली म्हणून ती स्पॅनिश नव्हे असं समजू नका. मनिलाहून अकापुल्को, तिथून खेचरांवरून वेराक्रुझ, पुढे हवाना, असा माल येत असे, आणि १७१५ च्या अवशेषांत चिनी सम्राट कांगशीच्या काळातले कप मिळाले आहेत. मायोलिकाची नक्षी ताडून पाहायला गेन्सव्हिलच्या फ्लोरिडा म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचा नमुनासंग्रह इंटरनेटवर खुला आहे.

५. लोखंड, शिसं, दगड

गंज, वाळू आणि शिंपले मिळून झालेला गोळा फोडू नका. आतलं लोखंड पुरतं विरून गेलेलं असतं आणि फक्त त्याच्या आकाराची पोकळी उरते. तज्ज्ञ त्यात राळ भरून वस्तूचा आकार परत मिळवतात. याच कारणाने लोहचुंबक चिकटला नाही तरी गोळा निकामी ठरत नाही. आधी क्ष-किरण फोटो, मग बाकी सगळं.

चौकोनी घडीव खिळा जुना असतो, पण असे खिळे एकोणिसाव्या शतकातही होते. खिळ्यासोबत तळाला मढवायचा तांब्याचा पत्रा सापडला, तर जहाज या ताफ्यानंतरचं. शिशाच्या गोळीवर पांढरट थर आणि साच्याची रेघ दिसते. १७ मिलिमीटरची गोळी २९ ग्रॅमच्या आसपास भरते. आरपार भोक असेल, तर ते मासेमारीचं वजन. शिसं हाताळल्यावर हात धुवा, मुलांच्या हाती देऊ नका. गोल गुळगुळीत नदीतले गोटे एकत्र दिसले तर लक्ष द्या. ते नीरम, म्हणजे जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी भरलेलं वजन, असू शकतं, कारण हा किनारा शिंपल्यांचा आणि चुनखडीचा, असे गोटे इथले नव्हेत.

६. कुणाला दाखवायचं

फ्लोरिडा पब्लिक आर्किऑलॉजी नेटवर्कची केंद्रं राज्यभर आहेत आणि सामान्य माणसांशी बोलणं हेच त्यांचं काम आहे. राज्याचं पुरातत्त्व कार्यालय टॅलहॅसीला आहे. नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे आधी जाऊ नका. तो किंमत सांगेल, जागेचा प्रश्न त्याच्यासाठी दुय्यम असतो.

कोकणात असं काही सापडलं तर नियम वेगळे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तिथल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज वस्तूची शक्यता स्पॅनिशपेक्षा कितीतरी जास्त, कारण रेवदंडा, वसई, गोवा ही त्यांची ठाणी होती.

कळवताना दोन्ही बाजूंचे तिरक्या प्रकाशातले फोटो, मोजपट्टीसह, वजन, घनता, चुंबकाचा निकाल, जागा आणि तारीख एकाच पत्रात द्या. नाण्याच्या कडेचा फोटोही जोडा. पाठवणारे नेमका तोच विसरतात.